शुक्रवारी पडलेले चित्रपट

आमच्या घरात चित्रपटांचे तीन प्रकार मानले जातात. सगळ्यांनी मिळून पाहायचे, मी एकट्याने पाहायचे आणि मीसुद्धा पाहू नयेत असे इतरांना मनापासून वाटणारे. दुसऱ्या प्रकारात संथ, कमी बोलणारे, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या माणसांचे चित्रपट येतात. तिसऱ्यात भुतेखेते, रक्तपिपासू उमराव आणि थडग्यातून उठून चालू लागणारी मढी. माझी खरी आवड नेमकी या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात आहे. त्यामुळे "जगात इतके चांगले चित्रपट असताना तुम्ही असले काय बघता?" हा प्रश्न मला आधी आईने विचारला, मग बायकोने आणि आता मुलगी विचारते. तीन पिढ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

भयपट, कलात्मक चित्रपट आणि ज्याला इंग्रजीत 'कल्ट' म्हणतात तो, ही नावे मुळात दुकानदाराच्या सोयीची. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात लायब्ररीवाल्याकडे एका फळीवर 'हॉरर', दुसरीवर 'क्लासिक' अशा चिठ्ठ्या असत आणि कोणत्याच फळीवर न बसणाऱ्या कॅसेटी काउंटरखालच्या खोक्यात पडलेल्या असत. माझी मैत्री त्या खोक्याशी जास्त. 'कल्ट'ला मराठीत नेमका शब्द नाही. 'पंथ' म्हणावे तर फार धार्मिक वाटते. मला 'वारीचा चित्रपट' म्हणावेसे वाटते. गोष्ट पाठ असते, शेवट ठाऊक असतो, तरी माणसे पुन्हा पुन्हा जातात आणि जाताना नव्या माणसाला बरोबर नेतात.

या तिन्ही फळ्यांवरच्या चित्रपटांत एक साम्य मात्र मला फार पूर्वीपासून दिसत आले आहे. आपल्याकडे चित्रपटाचे नशीब शुक्रवारी ठरते. सोमवारपर्यंत तो 'चालला' की 'पडला' हे पानवाल्यालाही कळलेले असते. माझ्या आवडीच्या चित्रपटांपैकी कितीतरी आपापल्या शुक्रवारी पडलेले आहेत. काहींवर शिव्यांचा वर्षाव झाला, काहींना न्यायालयाने फाशी सुनावली. ते आज आपल्यापुढे आहेत याचे कारण एकच. कोणीतरी त्यांना उचलून घरी नेले.

आजीची भुते, पडद्यावरची भुते

मराठी घरांना भुतांचे वावडे कधीच नव्हते. पिंपळावरचा मुंजा, आडवाटेला लागणारा चकवा, समंध, हडळ, वेताळ ही मंडळी आमच्या लहानपणी नातेवाइकांइतकीच परिचयाची होती. तिन्हीसांजेला त्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या आजीला कोणी 'मुलांवर वाईट संस्कार करतेस' असे म्हटले नाही. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकाखाली दडवून आम्ही वाचली. मात्र तीच गोष्ट पडद्यावर आली की ती थिल्लर ठरते. कादंबरीतल्या भुताला कपाटात जागा मिळते, पडद्यावरच्या भुताला दारातच अडवले जाते.

ही अढी जगभरची आहे आणि जुनी आहे. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा 'नॉस्फेरातू' १९२२ साली आला. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'वरून तो घेतला होता. पण परवानगी काढलेली नव्हती. पात्रांची नावे बदलून काम भागेल, असा निर्मात्यांचा हिशेब होता. तो चुकला. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. निर्मिती संस्थेचे दिवाळे तर त्याआधीच वाजले होते.

कायद्याने पाहता फ्लॉरेन्सबाईंचे काही चुकले नाही. परंतु तोवर काही प्रती जर्मनीबाहेर पोचल्या होत्या आणि त्या तिथेच राहिल्या, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. उन्हाचा किरण पडताच पिशाच विरून जाते, हा नियम आज पोरासोरांना ठाऊक आहे. स्टोकर यांच्या पुस्तकात तो नाही. त्यांचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. हा नियम आला 'नॉस्फेरातू'तून. जो चित्रपट जगात उरूच नये असे ठरले होते, त्याने पुढच्या शंभर वर्षांच्या पिशाचांना मरण कसे यावे हे शिकवले. १९७९ साली वर्नर हर्झोग यांनी आणि २०२४ साली रॉबर्ट एगर्स यांनी तो पुन्हा नव्याने केला.

न दाखवलेले जास्त दिसते

भयपट म्हणजे रक्ताचा सडा, असा पुष्कळांचा समज असतो. तसे चित्रपट आहेत आणि मला ते कंटाळवाणे वाटतात. सगळे दाखवून झाल्यावर भ्यायला काय उरते? माझ्या मते चांगला भयपट कसा ओळखावा, तर तो तुम्हाला कुठे बघायला लावतो आणि तिथे काय ठेवत नाही यावरून.

१९४२ सालचा 'कॅट पीपल' घ्या. निर्माता व्हाल लुटन, दिग्दर्शक जॅक टर्नर. कंपनीने लुटन यांच्या हाती शीर्षक ठेवले आणि तुटपुंजे पैसे. चित्रपटातली एक बाई मांजरकुळातले श्वापद होते, असा संशय आहे. एका प्रसंगात दुसरी एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीलगत एकटी चालली आहे. मागून पावले वाजताहेत. दोघींच्या टाचांचा आवाज आपण ऐकतो. मग मागचा आवाज थांबतो. ती वळून बघते. रस्ता रिकामा. ती चालण्याचा वेग वाढवते, आपण खुर्चीच्या कडेला येतो, आता झडप पडणार, आणि फुत्कार टाकत समोर येऊन थांबते ती बस! साधी, लोकांची ने-आण करणारी बस. श्वापद दाखवायला पैसे नव्हते म्हणून सावली, शांतता आणि बसच्या ब्रेकचा आवाज यांवर काम भागवले. ऐंशी वर्षांनंतरही त्या बसला प्रेक्षक दचकतात. आजीनेही मुंजा कधी दाखवला नव्हता.

भयपटाने आपल्याकडेच बोट दाखवले की मात्र लोक बिथरतात. १९६० साली दोन चित्रपट काही आठवड्यांच्या अंतराने आले. एक हिचकॉक यांचा 'सायको'. दुसरा मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम'. दोन्हींत वरवर सभ्य, एकलकोंडा तरुण खुनी असतो. 'सायको' तुफान चालला. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, ही हिचकॉक यांची अट लोकांनी रांगा लावून पाळली. 'द रेड शूज'सारखा देखणा चित्रपट देणाऱ्या पॉवेल यांना मात्र ब्रिटिश समीक्षकांनी अक्षरशः झोडपून काढले. चित्रपट लवकरच उतरवला गेला आणि त्यांची मायदेशातली कारकीर्द जवळजवळ संपली.

असे का व्हावे? 'सायको'तल्या खुन्याच्या हातात सुरी आहे. 'पीपिंग टॉम'मधला तरुण हातात कॅमेरा घेऊन येतो. मरणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरची भीती टिपणे हा त्याचा ध्यास आहे आणि ती चित्रफीत तो अंधाऱ्या खोलीत बसून पाहतो. अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्याची भीती पाहणारे आणखी कोण असतात? तिकीट काढून आलेले आपण. हा टोमणा १९६० साली झेपला नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मार्टिन स्कॉर्सेसी यांनी पुढाकार घेऊन तो पुन्हा लोकांपुढे आणला. आज रस्त्यावरच्या अपघाताचे मोबाइलवर चित्रण करणारी गर्दी पाहिली की मला पॉवेल आठवतात.

बटाटे सोलणारी बाई

आता कलात्मक चित्रपटांकडे येऊ. 'काही घडतच नाही' ही त्यांच्याविरुद्धची तक्रार जुनी आहे आणि अनेकदा खरीही असते. संथ असणे हा काही गुण नव्हे. बैलगाडीही संथ असते. पण ती कुठेतरी पोचते. चित्रपटानेही पोचले पाहिजे.

बेल्जियमच्या शांताल आकेरमन यांचा १९७५ सालचा 'जान दिएलमान' २०१ मिनिटांचा आहे. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा आणि तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, बूट पुसते, अंथरूण घालते, खोलीतून बाहेर पडताना न चुकता दिवा मालवते. घर चालवण्यासाठी दुपारी ती जे करते, त्याविषयी चित्रपटही फार बोलत नाही. पहिला दिवस घड्याळासारखा जातो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढेच. पण तोवर त्या घराची शिस्त आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की बिघडलेले बटाटे पाहून पोटात गोळा येतो. काहीतरी भयंकर होणार हे आपल्याला कळते. होते काय ते सांगत नाही. मला विचाराल तर हा अव्वल दर्जाचा भयपट आहे आणि त्यातले भूत स्वयंपाकघरात राहते. आयुष्यभर घर सांभाळलेल्या कुठल्याही बाईला त्याची समीक्षा समजावून सांगावी लागणार नाही. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट तिथे प्रथमच पोचला.

म्हणजे फळ्यांवरच्या चिठ्ठ्या फार मनावर घेऊ नयेत. डेन्मार्कचे कार्ल ड्रायर घ्या. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) हा त्यांचा चित्रपट कलेच्या देव्हाऱ्यात बसवला जातो. त्यानंतर त्यांनी काय केले? 'व्हॅम्पिर' (१९३२), सरळसरळ पिशाचपट! बर्लिनच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि ड्रायर यांना पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट करायला १९४३ साल उजाडले. आज 'व्हॅम्पिर'मधल्या धन्याशिवाय फिरणाऱ्या सावल्या पाहताना कळते, की जोनच्या चेहऱ्याकडे ज्या एकाग्रतेने पाहिले, त्याच एकाग्रतेने हा माणूस भुताकडे पाहतो आहे.

आपल्याकडे तर एकाच भुताने दोन्ही दरबारांत हजेरी लावली आहे. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची एक लोककथेवर बेतलेली कथा आहे. लग्न होताच नवरा व्यापाराला निघून जातो. झाडावरचे भूत नववधूवर भाळते आणि नवऱ्याचे रूप घेऊन घरात येते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांनी त्यावर १९७३ साली 'दुविधा' केला. त्यात थिजलेल्या चौकटी आहेत, पांढऱ्या भिंती आहेत, लाल ओढणी आहे आणि जवळजवळ कुजबुजीत बोलणारी माणसे आहेत. त्याच कथेवर २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांना घेऊन 'पहेली' केला. रंग, गाणी, उंट, सगळा थाट. 'पहेली' घरच्यांबरोबर पाहावा आणि महिन्याभराने 'दुविधा' एकट्याने. जिवंत नवऱ्यापेक्षा भूत जास्त माणुसकीने वागले, तर बाईने काय करावे, हा प्रश्न दोन्हींत आहे. पहिला तो हसत विचारतो, दुसरा उत्तराची वाट पाहत तुमच्यासमोर बसून राहतो.

प्रेक्षकांनी तारलेले

'कल्ट'चे वैशिष्ट्य असे, की ठरवून तो काढता येत नाही. दिग्दर्शक चित्रपट काढतो, त्याचा 'कल्ट' प्रेक्षक करतात. आणि कधीकधी कारकुनी चूक.

जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गच्या परिसरात मित्रमंडळींच्या मदतीने सव्वा लाख डॉलरच्या आत एक कृष्णधवल चित्रपट केला. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. आयत्या वेळी शीर्षक बदलले आणि नव्या शीर्षकाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची वितरकाकडून राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. निर्मात्यांचे अपार नुकसान झाले. पण ज्याला वाटेल त्याने तो लावला, वाटला, दाखवला आणि चालत्या मढ्यांचा एक अख्खा प्रकार जगभर पसरला. त्याचा नायक कृष्णवर्णीय आहे. रात्रभर मढ्यांशी झुंजून तो वाचतो आणि सकाळी बंदुका घेऊन आलेली 'आपली' माणसे त्यालाच मढे समजून गोळी घालतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी हा चित्रपट आला. प्रेक्षकांना भीती कोणाची वाटली असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९७५ सालचा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' असाच पडला. १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या एका थिएटरात तो मध्यरात्री लागू लागला. लोक पात्रांसारखे कपडे करून येऊ लागले, पडद्याला उलट उत्तरे देऊ लागले. आपल्या पिटातल्या प्रेक्षकांना यात नवल वाटणार नाही. आपण हे काम कपडे न बदलता कितीतरी वर्षे करत आलो आहोत.

आपल्याकडे रामसे बंधूंची कथा याहून गमतीची आहे. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा येत होते. हे भावांच्या लक्षात आले आणि 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'पुराना मंदिर' (१९८४) पर्यंत आणि पुढेही अख्ख्या कुटुंबाने भुतांचा घरगुती कारखाना चालवला. त्यांना कलावंत म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण लहान गावांतल्या थिएटरांना त्यांनी जगवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठीत महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. त्या वयातल्या मुलांनी पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून तो पाहिला आणि आज ती स्वतःच्या मुलांना शेजारी बसवून दाखवतात. वारी म्हणतात ती हीच.

दुसऱ्या टोकाला कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर'. १९८८ साली तयार झालेला हा चित्रपट कशाविषयी आहे हे मी अनेकदा पाहूनही एका वाक्यात सांगू शकत नाही. अजमेर-पुष्कर, बेडूक, हिरे, ज्योतिष, जाहिराती, सगळे त्यात येते. तो रीतसर प्रदर्शित झाला २०१४ च्या जानेवारीत. मधली २५ वर्षे तो हातोहात फिरणाऱ्या, पुसट झालेल्या कॅसेटींवर जगला.

इथे एक सावधगिरीचा शब्द. पडलेला प्रत्येक चित्रपट थोर नसतो. बहुतेक पडलेले चित्रपट पडायच्याच लायकीचे असतात. 'तुम्हाला नाही कळायचे' असे म्हणणारा सिनेमावेडा मला त्या भुतांपेक्षा जास्त असह्य वाटतो. आवडीचा चित्रपट शेजाऱ्याला समजावून सांगता येत नसेल, तर निदान चहा पाजून तो दाखवावा.

तुंबाडचा पाऊस

या सगळ्या फळ्या मोडून टाकणारा चित्रपट आपल्या मातीत झाला, याचा मला विशेष आनंद आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे हे चिरंजीव. चित्रपटामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि गावाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला घरचे. चित्रपट हिंदी असला, तरी त्यातला वाडा, सोवळे-ओवळे, पुरणाच्या पातेल्यासारखी रटरटणारी हाव हे सगळे आपले आहे. खऱ्या पावसासाठी त्यांनी पावसाळ्यांची वाट पाहिली. चित्रीकरण वर्षानुवर्षे चालले.

२०१८ च्या ऑक्टोबरात तो लागला. व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षकांच्या विभागाचा तो उद्घाटनाचा चित्रपट होता. पण इथल्या शुक्रवारी गर्दी बेताचीच जमली. पुढे तो घरोघरी छोट्या पडद्यावर पाहिला गेला, तोंडी पसरत गेला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ने थिएटरे भरली होती. आजीचा मुंजा आणि तिकीटबारी यांची अशी दिलजमाई व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

'तुंबाड'मध्ये हस्तर भयानक आहे, पण मुलीने मला विचारले ते त्याच्याविषयी नव्हते. "तो बाप आपल्या मुलाला तिथे कशाला घेऊन जातो?" हा तिचा प्रश्न होता. त्यावर आमच्या घरात तासभर बोलणे झाले. पैसा, वारसा, मुलांना आपण काय देऊन जातो यावर. सगळ्यांनी मिळून पाहिलेल्या गोड चित्रपटानंतर इतके बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. अगदी लहान मुलांना असले चित्रपट दाखवू नयेत, याविषयी दुमत नाही. कळत्या मुलांना मात्र शेजारी बसून दाखवावेत आणि नंतर दिवा लावून बोलावे. भीती ही एकट्याने सोसायची गोष्ट नाही, हेच तर आजी गोष्ट सांगताना मांडीवर घेऊन शिकवत होती.

डबे कोण जपणार?

तरीही प्रेक्षकांचे प्रेम एकटे पुरत नाही. प्रत हवी. 'जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह १९२८ साली आगीत जळाली. मूळ चित्रपट कायमचा गेला असे मानले जात होते. १९८१ साली नॉर्वेत ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले. त्यात मूळ रूपातली संपूर्ण प्रत होती. ज्याने कोणी ते डबे अडगळ म्हणून फेकून दिले नाहीत, त्याचे जगावर उपकार आहेत.

आपले नशीब इतके चांगले नाही. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) चारपैकी पहिली आणि शेवटची रिळे उरली. तीही पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आणि १९९१ पर्यंत तिथे राबलेल्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसामुळे. नायर यांनी चांगला-वाईट असा भेद केला नाही. धार्मिक, मारधाडीचे, पडलेले, गाजलेले, मिळेल ते जमवले. उद्या काय मोलाचे ठरेल हे आज कोणाला सांगता येणार? २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्म झाला. त्यात पडलेले किती आणि गाजलेले किती, याचा हिशेब आगीने केला नाही.

आज एका बोटाच्या इशाऱ्यावर सगळे चित्रपट मिळतात, असा भ्रम पसरला आहे. मिळतात ते दुकानदाराने फळीवर ठेवलेले. करार संपला की तेही रात्रीतून नाहीसे होतात. म्हणून आवडलेला चित्रपट दुसऱ्याला दाखवणे आणि त्याची खूण जपणे हे अजूनही आपल्याच हातात आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरताना एखादा गंजका गोल डबा, गाण्यांची पिवळी पडलेली पुस्तिका, आजोबांच्या हातचे तिकिटांचे तुकडे सापडले, तर रद्दीत टाकण्यापूर्वी पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाका. ते चित्रपट चांगले होते की वाईट, हे पुढच्या पिढीला पाहून ठरवू द्या.